दात काढायला थांबवलेली गोळी

मावशी आल्या होत्या खोकल्यासाठी. आषाढीच्या आधीचे दिवस, माळशिरस-वेळापूरच्या रस्त्याला पालखीची लगबग सुरू झालेली, आणि त्यांना भंडीशेगावपासून वाखरीपर्यंत तरी चालायचं होतं. "खोकल्याचं काहीतरी द्या डॉक्टर, रातचं आडवं पडलं की जीव घाबरा होतो," एवढीच तक्रार. वय 47, खुरपणीला जाणाऱ्या, अंगाने काटक. पिशवीत दम्याचा पंप होता, दोन वर्षांपासून वापरात.

बोलता बोलता मी मनगट हातात घेतलं. नाडी लागली, पण ताल सापडेना. दोन ठोके जवळजवळ, मग एक गाळलेला, मग तीन घाईघाईने, त्यातला एक इतका हलका की बोटाला जेमतेम कळावा. चुकणाऱ्या ठोक्यांनाही पुष्कळदा एक शिस्त असते, दर तिसरा चुकतो किंवा दर चौथा. इथे तीही नव्हती. सिस्टरने मनगटावर आणि मी स्टेथोस्कोपने छातीवर, एकाच मिनिटात मोजलं. छातीवर 128, मनगटावर 96. म्हणजे मिनिटाला 32 ठोके हृदयाने मारले खरे, पण ते हातापर्यंत पोचलेच नाहीत. कप्पा भरायच्या आतच आवळला गेला तर पुढे ढकलायला रक्त असणार किती?

पट्टी काढली. ईसीजीच्या पट्टीवर प्रत्येक उंच टोकाच्या आधी एक बुटका उंचवटा असतो, त्याला 'पी' म्हणतात. हृदयाच्या वरच्या कप्प्यांना आवळण्याचा हुकूम मिळाल्याची ती खूण. मावशींच्या पट्टीवर ती कुठेच नव्हती. त्या जागी बारीक थरथरती रेघ होती, आणि टोकांमधली अंतरं एकासारखं एक नव्हतं. एट्रियल फिब्रिलेशन. आम्ही बोलताना एएफ म्हणतो.

हे प्रकरण मी मावशींच्या परवानगीने लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधं, तपासण्या आणि माझी चूक मात्र जशीच्या तशी आहे.

एएफमध्ये नेमकं होतं काय, ते आधी सांगतो. निरोगी हृदयात विजेचा इशारा एका जागेवरून निघतो, वरचे दोन कप्पे एकदम आवळतात, मग इशारा मधल्या नाक्यावर क्षणभर थांबतो आणि खालचे कप्पे आवळतात. एएफमध्ये वरच्या कप्प्यांत मिनिटाला 350 ते 600 इशारे सैरावैरा फिरायला लागतात. इतक्या वेगाने कुठलाच स्नायू आवळू शकत नाही, तो नुसता थरथरतो. मधला नाका सगळे इशारे खाली सोडत नाही हे नशीब, नाहीतर माणूस जागीच जाईल. पण जे सोडतो ते कसेही सोडतो. म्हणून नाडीला ताल राहत नाही.

वरच्या कप्प्यांनी नीट आवळणं थांबवलं की खालच्या कप्प्यात जाणाऱ्या रक्तातला साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कमी होतो. धडधाकट माणसाला हे फारसं जाणवतही नाही. शंभरावर वेग महिनोनमहिने राहिला तर मात्र खालचा कप्पाच थकून ढिला पडायला लागतो आणि पायावर सूज, धाप, झोपल्यावर गुदमरणं सुरू होतं. पण एएफचा सगळ्यात वाईट घाव यात नाही. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक पिशवी चिकटलेली असते. कप्पा थरथरत राहिला की त्या पिशवीतलं रक्त जागच्या जागी घुटमळतं, आणि घुटमळणारं रक्त गोठतं. तिथली गुठळी सुटली तर सरळ वरच्या दिशेला, मेंदूकडे जाऊ शकते. रुग्णाला छातीत धडधड होते की नाही याचा या धोक्याशी काही संबंध नाही. मावशींना धडधड कधीच जाणवली नव्हती.

आता प्रश्न होता की 47 व्या वर्षी, रक्तदाब नाही, साखर नाही, तर एएफ आलं कुठून?

मी विचारलं, लहानपणी सांधे धरले होते का? मावशींनी नाही म्हटलं. त्यांची आई बरोबर होती, ती म्हणाली, "अगं पाचवीत असताना नव्हतीस का दोन महिने घरी? एक गुडघा उतरला की दुसरा धरायचा, मग कोपर. उचलून न्यावं लागायचं." मग बाळंतपणांचं विचारलं. पहिलं सुखरूप. दुसऱ्याला आठव्या महिन्यात दम लागायला लागला, बसून झोपायच्या. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. बाळंत झाल्यावर दम गेला आणि सगळे विसरले.

स्टेथोस्कोप मी पुन्हा ठेवला, या वेळी त्यांना डाव्या कुशीवर वळवून. पहिला आवाज टणक, आणि त्यामागून लांबून बैलगाडी जावी तशी खालच्या पट्टीतली घरघर. दमा नव्हताच. लहानपणच्या घशाच्या दुखण्यातून आलेला संधिवाताचा ताप, आणि त्याने हळूहळू चिकटवत आणलेली हृदयाची झडप, असं ते दुखणं होतं.

आपल्याकडे एएफचा विचार करताना ही वाट विसरून चालत नाही. श्रीमंत देशांत एएफ बहुतेक वेळा म्हातारपणाबरोबर येतं, किंवा रक्तदाब, लठ्ठपणा, मधुमेह, थायरॉइड, दारू, झोपेत श्वास अडकणं यांच्यामागून. आपल्याकडेही तसे रुग्ण भरपूर आहेत आणि वाढताहेत. पण त्यांच्या जोडीला मावशींसारख्या चाळिशी-पन्नाशीच्या, कधीकधी पंचविशीतल्याही बायका आहेत. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने घसा सुजतो, शरीर त्या जंतूविरुद्ध हत्यारं बनवतं आणि तीच हत्यारं चुकून स्वतःच्या झडपांवर चालतात. सांध्यांची सूज काही आठवड्यांत जाते, मागे खूण राहत नाही. झडप मात्र वर्षानुवर्षं जाड होत, आखडत जाते.

टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ते दिसलं. डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली ती मायट्रल झडप. तिचं तोंड उघडल्यावर 4 ते 6 चौरस सेंटिमीटर असतं. मावशींचं होतं 0.9. झडप अशी आवळली की मागचं रक्त तुंबतं, डावा वरचा कप्पा फुगत जातो आणि फुगलेल्या, ताणलेल्या भिंतीत एएफ घर करतं. शिवाय चिंचोळ्या तोंडातून रक्त खाली उतरायला वेळ लागतो, आणि एएफच्या धावपळीत नेमका तो वेळच मिळत नाही. त्यांचं रात्रीचं गुदमरणं हे फुप्फुसात तुंबलेल्या रक्ताचं होतं. पंपाने ते कसं जाणार?

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावाच्या दीर्घ अभ्यासातून 1978 मध्ये एक आकडा पुढे आला होता. झडप चांगली असताना एएफ असेल तर पक्षाघाताचा धोका पाचपटीहून जास्त, आणि संधिवातज्वराने खराब झालेल्या झडपेबरोबर एएफ असेल तर सतरापट. सरकारी रुग्णालयात शिकत असताना मी तो पाठ केला होता.

मग औषधं सुरू केली. वेग आटोक्यात आणायला मेटोप्रोलॉल, तुंबलेलं पाणी काढायला लघवीची गोळी, आणि गुठळी होऊ नये म्हणून ॲसेनोकुमेरॉल, ज्याला आमच्याकडे सगळे ॲसिट्रॉमच म्हणतात. चार दिवसांत मावशी आडव्या होऊन झोपायला लागल्या. वारीला मी नको म्हणालो, त्यांनी वाखरीच्या तळावर जाऊन माउलींच्या पालखीचं दर्शन घेतलं आणि एसटीने परत आल्या.

झडप फुग्याने उघडता येते. मांडीच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेतात, उजव्या-डाव्या कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक छिद्र करून झडपेच्या तोंडात फुगा फुगवतात आणि चिकटलेल्या कडा सुटतात. जपानी शल्यचिकित्सक कांजी इनोउए यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला हा फुगा वापरात आणला आणि त्यानंतर आपल्या देशातल्या कितीतरी बायका छाती न उघडता बऱ्या झाल्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हा उपचार बसतो. मावशींचं रेशनकार्ड होतं, कागदपत्रं झाली, मोठ्या शहरातल्या रुग्णालयात त्या दाखल झाल्या. फुग्याच्या आधी अन्ननलिकेतून नळी घालून इको करतात, कारण हृदयाच्या मागच्या बाजूची ती पिशवी छातीवरून नीट दिसत नाही. त्या तपासणीत पिशवीत गुठळी सापडली. गुठळी असताना तिथे नळी फिरवणं म्हणजे ती आपल्या हाताने मेंदूकडे धाडणं. त्यांना परत पाठवलं, तीन महिने गोळी नेमाने घ्या, गुठळी विरघळली की या.

या तीन महिन्यांत जे घडलं त्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

माझ्या चिठ्ठीवर गोळीचं नाव, मात्रा आणि रात्री 8 ही वेळ होती. दर पंधरा दिवसांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी, करायचा, तो 2 ते 3 च्या मधे हवा, हेही होतं. मावशींनी विचारलं, ही कशाची? मी म्हणालो, रक्त पातळ करायची. आम्ही सगळेच असं म्हणतो. दिवसातून दहा वेळा म्हणतो.

हा शब्द त्या घरात कसा ऐकला जाईल, याचा विचार मी केला नाही. ज्या बाईला तिसाव्या वर्षापासून प्रत्येक दवाखान्यात "रक्त कमी आहे" असंच ऐकायला मिळालंय, तिच्या नवऱ्याला रक्त पातळ करणं म्हणजे काय वाटेल? दुधात पाणी घातलं की दूध पातळ होतं. आमटी पातळ झाली म्हणजे तिच्यात दम राहिला नाही. मावशींचे मालक नंतर मला म्हणाले, "सायेब, आधीच अंगात रगत नाय, त्यात पातळ करायचं म्हंजी मानूस उठंल का?" त्यांनी गोळी बंद करायला सांगितली नव्हती, पण ती चालू राहावी असं मनापासून त्यांना कधी वाटलंही नव्हतं.

आणि हा शब्द मुळात खोटाच आहे. या गोळीने रक्ताचा दाटपणा बदलत नाही, हिमोग्लोबिन कमी होत नाही, ताकद जात नाही. रक्त गोठण्यासाठी लागणारे काही घटक यकृत तयार करतं, त्याला 'के' जीवनसत्त्व लागतं. ही गोळी त्या कामात अडथळा आणते, त्यामुळे गुठळी धरायला जास्त वेळ लागतो. आयएनआर म्हणजे तो वेळ निरोगी माणसाच्या मानाने किती वाढलाय याचं माप. या औषधांचं मूळही गमतीचं नाही, गोठ्यातलं आहे. गेल्या शतकात अमेरिका-कॅनडात बुरशी आलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायला लागली, त्या चाऱ्यात विस्कॉन्सिनच्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने जो पदार्थ शोधला त्याच्या घराण्यातली ही गोळी. त्याच घराण्यातलं वॉरफरीन आधी उंदरांच्या औषधात आलं, माणसांसाठी 1954 मध्ये. मात्रा चुकली तर काय होतं ते त्या गुरांनी दाखवून दिलंय, म्हणून तर आयएनआर मोजायचा.

ऑगस्टमध्ये मावशींचा आयएनआर 2.4 आला, सप्टेंबरमध्ये 2.6. नवरात्र झाल्यावर दाढ ठणकायला लागली. दात काढायला गेल्या, तिथे चिठ्ठी पाहून सांगितलं गेलं की ही गोळी पाच दिवस आधी थांबवा, नाहीतर रक्त थांबणार नाही. दात निघाला. गोळी पुन्हा कधी सुरू करायची हे कुणी सांगितलं नाही, मावशींनी विचारलं नाही. बरं वाटतच होतं. दम नव्हता, खोकला नव्हता, खुरपणीही थोडी थोडी सुरू झाली होती. गोळी थांबवून काही बिघडलं नाही, उलट हिरड्यातून येणारं थोडं रक्तही बंद झालं. दात काढणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढच्या चिठ्ठीवर गोळीचं नाव होतं, झडपेचं नव्हतं, पिशवीतल्या गुठळीचं तर नव्हतंच. ते लिहिणं माझं काम होतं. एका फोनवर भागलं असतं, पण फोन करा असंही मी लिहिलेलं नव्हतं.

खरं म्हणजे एखादा दात काढायला ही गोळी बहुतेक वेळा थांबवावी लागत नाही. आदल्या दिवशी आयएनआर करून तो मर्यादेत आहे हे पाहायचं, खड्ड्यात रक्त धरून ठेवणारा स्पंज भरायचा, टाका घालायचा, जाळीचा बोळा अर्धा तास घट्ट चावून धरायचा, गरज पडली तर रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या पाण्याने चुळा. तोंडातलं रक्त दिसतं आणि दाबून थांबवता येतं, मेंदूतली गुठळी यातलं काहीच ऐकत नाही.

गोळी थांबल्याला 22 दिवस झाले होते. दिवाळीनंतरची सकाळ. मावशी चुलीपुढे भाकरी थापत होत्या. सून शेजारी पीठ चाळत होती, तिने नंतर मला सगळं सांगितलं. परातीतली भाकरी अर्धी थापून झाली आणि उजवा हात पिठातच थांबला. मावशी हाताकडे बघत राहिल्या, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. सूनबाईने विचारलं, "आत्या, काय झालं?" त्यांनी तोंड उघडलं, आवाज निघाला, शब्द निघाला नाही. तव्यावरची भाकरी करपायला लागली. मग त्या डावीकडच्या भिंतीला टेकल्या आणि तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला.

घरात पहिलं वाक्य निघालं ते, "अंगावरनं वारं गेलं." दुसरं, पलीकडच्या गावात लकव्याचं औषध देतात तिथे नेऊ या. मावशींचा मुलगा तिसरं बोलला. त्याने मला फोन लावला. "सर, आईचं तोंड वाकडं झालंय, बोलता येईना." किती वाजता झालं, मी विचारलं. सात वाजून दहा. आत्तापर्यंत गोळी चालू आहे ना? फोनवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. "दात काढल्यापासनं नाय, सर."

त्या शांततेत मला सगळं कळलं.

108 ची गाडी मिळाली. नऊ पन्नासला सीटी स्कॅन झालं, मेंदूत रक्तस्राव नव्हता. आयएनआर 1.1. गोळीचा असर पूर्ण उतरला होता, त्यामुळेच गुठळी झाली आणि त्यामुळेच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येणार होतं. आयएनआर 1.7 च्या वर असता तर ते देता आलं नसतं. झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत ते सुरू व्हावं लागतं. मावशींना ते साडेदहाला, म्हणजे 3 तास 20 मिनिटांनी सुरू झालं. आधी लकव्याच्या औषधाच्या गावी गेले असते तर त्या खिडकीतून आत यायला कुणालाच जमलं नसतं.

संध्याकाळी पाय हलला. तिसऱ्या दिवशी हाताची बोटं. बोलणं सगळ्यात मागे राहिलं. समजत सगळं होतं, शब्द सापडत नव्हता. पाण्याला त्या "ते... ते" म्हणायच्या आणि रागाने डोळे भरून यायचे. सातव्या दिवशी पुन्हा सीटी पाहून गोळी सुरू केली. तीन महिन्यांनी भाकरी थापता येत होती, पण कडा पातळ राहायच्या. नातवाचं नाव घेता येत होतं, घाईत मात्र अजून अडतं.

मधल्या काळात मुलाने मोबाइलवर पुष्कळ वाचलं. एक दिवस म्हणाला, "सर, आता नव्या गोळ्या आल्यात म्हणे, रक्त तपासायला लागत नाही. आयएनआरसाठी दर वेळी एक रोज बुडतो, त्या का देत नाही?" प्रश्न अगदी बरोबर होता. झडप चांगली असलेल्या बहुतेक एएफ रुग्णांना आज आम्ही ॲपिक्सॅबॅन, रिव्हरॉक्सॅबॅन, डॅबिगॅट्रॅन याच गोळ्या आधी देतो. मेंदूत रक्तस्राव त्यांच्याने कमी होतो. पण त्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांत मावशींसारख्या आवळलेल्या मायट्रल झडपेचे रुग्ण घेतलेच नव्हते. मग त्यांच्यासाठी वेगळी चाचणी झाली, इन्व्हिक्टस नावाची, 24 देशांत, साडेचार हजारांहून जास्त संधिवातज्वराच्या हृदयरोग्यांवर, आणि त्यात आपले रुग्णही होते. सगळ्यांचा कयास होता की नवी गोळी निदान बरोबरीची ठरेल. 2022 मध्ये निकाल आला तो उलटा. जुनी, आयएनआरवाली गोळी घेणारे जास्त जगले, आणि मोठा रक्तस्रावही त्यांच्यात वाढला नव्हता. म्हणून शेजारच्या काकांना जी गोळी चालते ती मावशींना चालत नाही, आणि धातूची झडप बसवलेल्यांनाही चालत नाही. मुलाला मी हे कागदावर आकृती काढून समजावलं. आईच्या वेळी जे करायला हवं होतं ते मुलाच्या वेळी केलं.

फेब्रुवारीत अन्ननलिकेतून पुन्हा इको झाली. पिशवी साफ होती. फाल्गुनात फुग्याने झडप उघडली, 0.9 ची 1.7 झाली. दुसऱ्या दिवशी मावशी वॉर्डात चालत होत्या, आणि परत आल्यावर माझ्यासमोर बसून त्यांनी विचारलं, "आता झडप उघडली न्हवं, मग गोळी बंद?"

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. झडप उघडली तरी वरचा कप्पा वर्षानुवर्षं ताणला गेलेला असतो. मावशींचा 5.4 सेंटिमीटरपर्यंत फुगला होता, अशा कप्प्यात शॉक देऊन आणलेला ताल फार दिवस टिकत नाही. थरथर चालू राहणार, म्हणजे पिशवीतलं रक्त घुटमळणार, म्हणजे गोळी जन्मभर. एवढं बोलून मी थांबलो आणि विचारलं, तुम्हाला काय समजलं ते मला सांगा. मावशींनी शब्द जुळवायला वेळ घेतला. मग म्हणाल्या, "ओढ्याचं पानी चालतं तवर नितळ. डबक्यात... शेवाळ धरतं. माझ्या काळजात डबकं हाय." मालक शेजारी बसले होते. ते म्हणाले, "असं सांगायचं ना मग आधी."

तेव्हापासून मी रक्त पातळ करायची गोळी हे शब्द तोंडातून काढून टाकलेत. गुठळीची गोळी म्हणतो. सिस्टर तसंच म्हणतात, औषधाच्या दुकानातही तसंच सांगायला लावलंय. प्रत्येक रुग्णाच्या वहीच्या पहिल्या पानावर एक पिवळा कागद चिकटवतो. त्यावर गोळी कशासाठी आहे, ती बंद केली तर काय होऊ शकतं, आणि दात, मोतीबिंदू, दुसरं कुठलंही ऑपरेशन असलं तरी थांबवण्याआधी या नंबरवर फोन करा, एवढं मोठ्या अक्षरांत मराठीत असतं. थांबवावी लागलीच तर पुन्हा सुरू करायची तारीख त्याच वेळी लिहायची, त्यासाठी कागदावर रिकामी चौकट ठेवली आहे. ती चौकट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

खाण्याबद्दलही घोळ होतो. पालेभाजीत 'के' जीवनसत्त्व असतं म्हणून कुणीतरी मेथी, पालक, तांदुळजा सगळं बंद करायला सांगतं. मग कुणाकडे डोहाळजेवणाला पोटभर भाजी खाल्ली की आयएनआर खाली येतो. भाजी सोडायची नाही, रोज साधारण सारखी खायची. जास्त जपायचं ते दुखण्याच्या गोळ्यांना. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घरातल्या डब्यात असतातच, आणि या गोळीबरोबर त्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. जुलाबावरची मेट्रोनिडॅझोल आयएनआर एकदम वर नेते. मावशींच्या मालकांची गुडघ्याची गोळी आता कपाटाच्या दुसऱ्या खणात असते.

मावशींची नात आता दहा वर्षांची आहे. घसा दुखून ताप आला की तिला लगेच दाखवायला आणतात, वेळेवर प्रतिजैविक मिळालं तर संधिवाताचा ताप बहुतेक वेळा टळतो. ज्या मुलांना तो येऊन गेलाय त्यांना दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं लागतं. दुखतं, मुलं रडतात, आया चुकवतात. मी त्या आयांना मावशींचा पाचवीतला गुडघा सांगतो.

नाडी घरी बघता येते. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं टेकवायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण तालातला गोंधळ तेवढ्यात सुटतो. ताल बेशिस्त वाटला तर पट्टी काढून घ्यायची, बरं वाटत असलं तरी. पासष्टीच्या पुढच्या प्रत्येक माणसाची नाडी वर्षातून एकदा तरी कुणीतरी अशी बघावी असं मला कळकळीने वाटतं. याला पैसे लागत नाहीत.

यंदा आषाढी झाल्यावर मावशींची दुसऱ्या बाजूची दाढ हलायला लागली. त्या आधी माझ्याकडे आल्या, पिवळा कागद पुढे ठेवला. आदल्या दिवशीचा आयएनआर 2.5 होता. मी दात काढणाऱ्यांना फोन केला, झडपेचं सांगितलं, आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की थांबवायची नाही. सकाळी दाढ काढली, एक टाका घातला. मावशी बोळा दाताखाली धरून पाऊण तास बाकावर बसून राहिल्या, सून घड्याळ बघत होती. बोळा काढला तेव्हा रक्त थांबलेलं होतं. रात्री 8 वाजता त्यांनी गोळी घेतली आणि वहीत त्या तारखेपुढे फुली मारली.